युरोपच्या पूर्वमध्ययुगात घोडा नेमकं काय काम करायचा?

प्रश्न असा आहे: इ. स. ५०० ते १००० या काळातल्या युरोपात सामान्य माणसाच्या जगण्यात घोड्याचं स्थान काय होतं? तो नांगर ओढायचा का? ओढत नसेल तर बैलापेक्षा चपळ असूनही का नाही?

आधी थेट उत्तर देतो. त्या काळातला कामाचा घोडा हे मुख्यतः वाहतुकीचं जनावर होतं. त्याच्या पाठीवरून माणसं, निरोप, मीठ, पीठ आणि सैन्याचं सामान जायचं. शेतात त्याला जुंपत ते पेरणीनंतर बी मातीआड करणाऱ्या दातेरी अवजाराला, म्हणजे आपल्या दंताळ्याच्या जातीच्या अवजाराला. नांगर जवळजवळ सगळीकडे बैलांचाच होता. याचं कारण घोड्याच्या ताकदीत शोधू नका, ते त्याच्या पोटात आणि किमतीत आहे.

मी पशुवैद्य आहे. माझी बहुतेक वर्षं कामाच्या घोड्यांमध्ये गेली, म्हणजे माथेरानची ओझ्याची तट्टं, टांग्याचे घोडे आणि वरातीच्या घोड्या. त्यामुळे जुने कायदे आणि वहिवाटी वाचताना माझं लक्ष लढायांकडे कमी आणि पाठीच्या जखमा, चारा, डोळे, खूर यांकडे जास्त जातं. पुढचं सगळं त्याच नजरेनं लिहिलं आहे.

सुरुवात आकारापासून करू. चित्रपटांत दिसणारा उंच, भरदार, पायांवर केसांचे झुपके असलेला घोडा इथे विसरायला हवा. इंग्लंडमधल्या उत्खननांत सापडलेली हाडं मोजल्यावर दिसतं, की त्या काळातले बहुतेक घोडे आज ज्याला पोनी म्हणतात त्या मापाचे होते. खांद्याच्या उंचवट्यापाशी १४८ सेंटिमीटर, म्हणजे चार फूट दहा इंच, ही आजची पोनीची वरची मर्यादा. त्या वेळचे बरेचसे घोडे याच्याही खाली होते. इंग्लंडमधल्या सटन हू इथे १७ क्रमांकाच्या टेकाडाखाली एका तरुण योद्ध्याशेजारच्या खड्ड्यात त्याचा घोडा पुरलेला १९९१ मध्ये सापडला. सन ६०० च्या आसपासचं हे दफन आहे. सोनेरी मुलाम्याच्या सामानानं मढवलेला हा सरदारी घोडाही साधारण १४२ सेंटिमीटरचाच. सामान्य शेतकऱ्याचा घोडा याहून लहान असणार. आपल्याकडच्या भीमथडी तट्टाला ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना अशा बांध्यावरून कामाचा अंदाज चुकणार नाही. लहान जनावर कमी खातं, खडकाळ वाटेवर पाय नीट टाकतं, आणि आजारपणातून लवकर उठतं.

आता किंमत. दहाव्या शतकात इंग्लंडचा राजा अ‍ॅथलस्तन याच्या काळात लंडनकरांनी चोरीच्या भरपाईचे नियम ठरवले. चांगल्या घोड्याला अर्धा पौंड, म्हणजे १२० पेनी. बैलाला ३० पेनी, गाईला २०, डुकराला १०. म्हणजे एका घोड्याच्या किमतीत चार बैल. बैल चार मिळत असतील तर नांगराला घोडा कोण जुंपेल? त्याच राजाच्या कायद्यात आणखी एक कलम आहे. घोडा समुद्रापार विकायचा नाही, भेट म्हणून द्यायचा असेल तरच पाठवायचा. राज्याबाहेर जाऊ नये असं वाटण्याइतका तो मोलाचा होता.

फ्रँक लोकांचे, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात राज्य करणाऱ्या जर्मनिक टोळ्यांचे, कायदे याच्या आधीचे. सन ५०० च्या सुमाराच्या सॅलिक कायद्यात गाडी ओढणाऱ्या घोड्याची चोरी हा वेगळा गुन्हा आहे आणि दंड ४५ सॉलिडस, म्हणजे सोन्याची नाणी. गाडीचा घोडा नावानं वेगळा काढून सांगावा लागतो, यावरूनच तसे घोडे रोजच्या वापरात होते हे कळतं. ऱ्हाइनकाठच्या रिपुआरियन फ्रँकांच्या कायद्यात भरपाई वस्तूंच्या रूपात द्यायची असेल तर कशाचे किती धरायचे याची यादी आहे. शिंगं असलेला, डोळस आणि निरोगी बैल दोन सॉलिडस. घोडी तीन. नर घोडा त्याहून बराच महाग. त्याच्यापुढेही अट हीच: डोळस आणि निरोगी.

हे ‘डोळस’ वाचून कुठल्याही घोड्याच्या डॉक्टरची नजर थबकेल. घोड्यांना डोळ्यांचा एक वारंवार उलटणारा दाह होतो. डोळा लाल होतो, पाणी येतं, मग आठवड्या-दोन आठवड्यांत निवळतो, काही महिन्यांनी पुन्हा भडकतो, आणि शेवटी मोतीबिंदू होऊन दृष्टी जाते. दोन भडक्यांच्या मधल्या काळात हा घोडा बाजारात अगदी धडधाकट दिसतो. आजही घोडा घेताना मी आधी त्याला अंधाऱ्या जागी नेऊन डोळ्यात बॅटरी मारतो, पाय नंतर बघतो. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या कायदा करणाऱ्यांना हा धोका माहीत होता. ओझं घेऊन अरुंद वाटेनं जाणाऱ्या जनावराची नजर गेली तर माल आणि माणूस दोन्ही दरीत जातात.

नांगराचा प्रश्न इथे नीट सोडवू. बैल रवंथ करतो. त्याच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जंतू आधी चारा आंबवतात, आणि नंतर तो पुढे जातो. त्यामुळे गव्हाचा, बार्लीचा पेंढा खाऊनही बैल उभा राहतो. घोड्यात ही आंबवण्याची जागा आतड्याच्या शेवटी आहे. चारा तिथे लवकर येतो आणि लवकर बाहेर पडतो. निकृष्ट चाऱ्यातून घोडा बैलाइतका कस काढू शकत नाही, म्हणून त्याला जास्त खावं लागतं, आणि कष्टाचं काम असेल तर वर चंदी, म्हणजे दाणा, लागते. ३०० किलोच्या तट्टाला वजनाच्या अडीच टक्के कोरडा चारा धरला तर दिवसाला साडेसात किलो होतो. उत्तर युरोपात हिवाळ्याचे पाच महिने कुरणात काही नसतं. एका घोड्यासाठी तेवढ्या काळाचं टनाहून जास्त गवत उन्हाळ्यात हातानं कापून, वाळवून, कोरडं साठवायचं. ज्या कुटुंबाला स्वतःचं धान्य वसंतापर्यंत पुरेल की नाही याची चिंता, ते घोड्याला ओट कुठून घालणार?

दुसरी गोष्ट म्हाताऱ्या जनावराची. बैल थकला की त्याला चारून, जाड करून मांसासाठी वापरत. घोड्याच्या बाबतीत चर्च आडवं आलं. पोप तिसरा ग्रेगरी यानं ७३२ मध्ये जर्मनीत धर्मप्रसार करणाऱ्या बॉनिफेसला लिहिलं, की घोड्याचं मांस खाण्याची प्रथा बंद पाडावी. ती लगेच बंद झाली नाही. उत्खननांत सापडलेल्या घोड्यांच्या हाडांवर सुरीच्या खुणा अधूनमधून मिळतात, आणि आइसलँडनं सन १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा घोडा खायची सूट काही काळ ठेवून घेतली. पण एकंदरीत बैलाचे शेवटी पैसे वसूल होत, घोड्याचे कमी होत. जनावराचा सगळा हिशेब मांडला, खरेदीपासून शेवटापर्यंत, तर नांगरासाठी बैलच परवडतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कोरडवाहू शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

दहाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये एल्फ्रिक नावाच्या मठवासी शिक्षकानं मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी संवाद लिहिले. त्यातला नांगऱ्या म्हणतो, की पहाटे बैल शेतात हाकतो, कितीही थंडी असली तरी रोज पूर्ण एकर किंवा जास्त नांगरावंच लागतं. बैलांना टोचणीनं हाकणारा एक पोरगा बरोबर असतो, आणि थंडीनं व ओरडून त्याचा आवाज बसलेला असतो. या सगळ्या वर्णनात घोडा कुठेही नाही.

अपवाद होते, आणि ते बोलके आहेत. सन ८९० च्या सुमारास ओहथेरे नावाचा एक नॉर्वेजियन माणूस इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या दरबारात आला. तो नॉर्वेच्या अगदी उत्तरेला राहायचा. त्यानं सांगितलं, की आपल्याकडे वीसच्या वर गुरं नाहीत, वीस मेंढ्या, वीस डुकरं, सहाशे पाळीव रेनडिअर. आणि जी थोडीशी जमीन नांगरतो ती घोड्यांनी नांगरतो. इंग्रज लेखनिकाला हे टिपून ठेवावंसं वाटलं, म्हणजे इंग्लंडमध्ये ते विशेष होतं. उलट वेल्समध्ये, हिवेल राजाच्या नावानं चालत आलेल्या कायद्यात, घोडा, घोडी किंवा गाय नांगराला जुंपणं योग्य नाही असं म्हटलं आहे. जुंपली आणि गाभडली तर भरपाई मिळायची नाही. गाभण घोडीला चिखलात नांगर ओढायला लावण्याबद्दल माझंही मत हेच आहे.

दंताळ्याचं काम मात्र घोड्याला साजतं. ओढ हलकी असते आणि वेग कामाला येतो. पेरलेलं बी पक्ष्यांनी टिपण्याआधी झाकायचं असतं, तिथे बैलाची संथ चाल नडते. बायूच्या प्रसिद्ध भरतकामाच्या पट्टीत, म्हणजे १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर काही वर्षांनी शिवलेल्या कामात, खालच्या किनारीवर एक घोडा गळ्यात गादीचं जोखड घालून दातेरी अवजार ओढताना दिसतो. शेतात घोड्याचा शिरकाव असा दंताळ्यापासून झाला.

जोखडाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्यावर एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. १९३१ मध्ये लफेव्र दे नोएत या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यानं मांडलं, की प्राचीन काळचा घोड्याचा साज गळ्यावर दाब द्यायचा, त्यानं घोडा गुदमरायचा, म्हणून त्याला जड ओझं ओढता येत नसे. गादीचं कडक जोखड आल्यावरच घोडा मोकळा झाला. पुढे झाँ स्प्रुइत यानं प्राचीन साज प्रत्यक्ष बनवून घोड्यांना जुंपून पाहिले आणि गुदमरण्याची गोष्ट फार ताणलेली असल्याचं दाखवलं. छातीवरून जाणारा पट्टा नीट खाली बसवला तर घोडा श्वास कोंडल्याशिवाय ओढतो. टांग्याच्या घोड्यांवर मी हेच पाहिलं आहे. पट्टा चार बोटं वर सरकला की घोडा डोकं उडवतो, खोकतो, चाल मोडते; खाली आणला की तोच घोडा शांतपणे चालतो. तरी जोखडाचा फायदा खराच आहे. ते ओढ खांद्याच्या हाडांवर पसरवतं, आणि जमिनीत रुतणाऱ्या जड अवजाराला तेच लागतं. युरोपात त्याची सर्वांत जुनी चित्रं सन ८०० च्या आसपासची धरतात. पण ते सर्वत्र पसरायला पुढची दोन-तीन शतकं लागली, आणि जोखड मिळालं म्हणून चाऱ्याचा प्रश्न सुटला नव्हता.

मग घोडा दिवसभर करायचा काय? तो चालायचा.

रोमन रस्ते अनेक ठिकाणी वापरात होते, पण त्यांची निगा राखणारं राज्य उरलं नव्हतं. पावसाळी चिखलात गाडीचं चाक रुततं, पाठीवर ओझं घेतलेलं तट्टू निघून जातं. इंग्लंडमधल्या ड्रॉइटविच गावी खाऱ्या पाण्याचे झरे आहेत. तिथे पाणी आटवून मीठ करत आणि ते चहूबाजूंना जाई. मासे, मांस, लोणी, चीज सगळं हिवाळ्यासाठी मिठातच टिकायचं, त्यामुळे मिठाच्या वाटा हा जगण्याचाच भाग होता. नवव्या शतकाच्या अखेरच्या एका सनदेत या मिठावरचा कर राजाचा म्हणून राखून ठेवला आहे: गाडीला एक शिलिंग, पाठीवरच्या ओझ्याला एक पेनी. गाडी आणि पाठीवरचं ओझं, दोन्ही इतकी नित्याची होती की दोघांचे दर वेगळे ठरले होते.

३०० किलोच्या तट्टावर मी स्वतः ७०-८० किलोच्या वर ओझं टाकू देत नाही, चढाच्या वाटेवर त्याहून कमी. मालक नेहमी जास्त टाकतात, तेव्हाही टाकत असणार. तेच जनावर बऱ्या रस्त्यावर चाकाच्या गाडीत याच्या कितीतरी पट माल ओढतं. म्हणून जिथे रस्ता होता तिथे गाडी, जिथे वाट होती तिथे पाठ, असा सरळ नियम होता. जड आणि घाई नसलेल्या मालाला बैलगाडी, आणि शक्य असेल तिथे नदी.

निरोपाचं काम याहून महत्त्वाचं. राजा एका ठिकाणी बसून राज्य करत नसे, एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर फिरत असे. बिशपांचे, मठांचे मुलूख विखुरलेले. त्यामुळे जमिनीचा मोबदला म्हणून घोड्यावरची सेवा मागितली जाई. जमीनदाराच्या मुलखात कोणत्या दर्जाच्या माणसाचं काय देणं आहे हे सांगणारा एक इंग्रजी दस्तऐवज आहे. त्यात वरच्या थराच्या कुळानं घोड्यावरून जायचं, मालाची ने-आण करायची, निरोप जवळ-दूर पोचवायचे, धन्याचे घोडे सांभाळायचे, अशी कामं आहेत. खालच्या थरातल्या कुळाला हातांनी राबावं लागे. घोडा असणं आणि नसणं यावर माणसाची पायरी ठरत होती.

सातव्या शतकातली एक हकीकत इंग्रज इतिहासकार बीड यानं लिहून ठेवली आहे. बिशप एडन पायीच फिरायचा. ओस्विन राजानं त्याला एक उमदा घोडा दिला, नद्या ओलांडायला आणि तातडीच्या कामाला. एडननं वाटेत भेटलेल्या भिकाऱ्याला तो घोडा साजासकट देऊन टाकला. राजा रागावला, म्हणाला, भिकाऱ्याला द्यायला आपल्याकडे कमी किमतीचे घोडे नव्हते का? एडननं विचारलं, घोडीचं ते पोर तुम्हाला देवाच्या लेकरापेक्षा प्यारं आहे का? ही गोष्ट धर्माची म्हणून सांगतात. मला तिच्यात राजाच्या पागेची रचना दिसते. तिथे भारी घोडे आहेत, हलके आहेत, आणि कोणता कोणाला द्यायचा याची रीत आहे.

लढाईतही घोड्याचं पहिलं काम पोचवण्याचं होतं. वायकिंगांचं मोठं सैन्य ८६५ मध्ये ईस्ट अँग्लियात उतरलं तेव्हा त्यांनी तिथल्या लोकांकडून घोडे मिळवले, आणि मग इंग्लंडभर त्यांच्या वेगाला तोड उरली नाही. ८९२ मध्ये बूलोनहून २५० जहाजांतून ते घोड्यांसकट आले. लढताना मात्र बहुतेकदा दोन्ही बाजू पायउतार होत. ९९१ मधल्या मॉल्डनच्या लढाईवरच्या काव्यात सरदार आपल्या माणसांना घोडे दूर हाकलून पायी पुढे जायला सांगतो. ८९३ मध्ये बटिंग्टन इथे वेढ्यात अडकलेल्या डेन लोकांनी उपासमारीत आपले बरेचसे घोडे खाल्ले, अशी नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. घोडा गेला की त्या सैन्याचं बळच गेलं.

रिकिबीमुळे सरंजामशाही जन्माला आली, हा १९६२ मध्ये गाजलेला सिद्धांत मी इथे फार ताणत नाही. रिकीब सहाव्या-सातव्या शतकात पूर्वेकडून आलेल्या अवार या भटक्या घोडेस्वार लोकांबरोबर मध्य युरोपात आली हे खरं. तिनं स्वाराला स्थिरता दिली हेही खरं. पण एका लोखंडी कड्यानं सगळा समाज बदलला असं म्हणायला पुरावा पुरत नाही, आणि अभ्यासकांनी ते तेव्हाच दाखवून दिलं. दिवसभर खोगिरावर बसणाऱ्या निरोप्याच्या पायांना रिकिबीनं जो आराम दिला, तो मला जास्त मोठा वाटतो.

फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याच्या काळाकडे येऊ, कारण घोडा पाळण्याबद्दल सर्वांत तपशिलाचं लेखन तिथे मिळतं. सन ८०० च्या आसपास शाही जमिनींच्या कारभाऱ्यांसाठी एक हुकूमनामा निघाला. त्यात पैदाशीच्या नर घोड्यांबद्दल लिहिलं आहे: त्यांना एकाच जागी फार काळ ठेवू नका, बिघडतील; एखादा चांगला नसेल, म्हातारा झाला असेल किंवा मेला असेल तर घोडींकडे सोडायच्या हंगामाआधी आम्हाला कळवा. घोडींची नीट काळजी घ्या, शिंगरं वेळेवर वेगळी करा, माद्या वाढल्या तर त्यांचा वेगळा कळप करा. आणि शिंगरं सेंट मार्टिनच्या दिवशी, ११ नोव्हेंबरला, हिवाळ्यासाठी वाड्यावर पाठवा.

या सूचना कोणत्याही आजच्या पैदास केंद्रात चालतील. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि वसंतात विते. एप्रिल-मे मध्ये जन्मलेलं शिंगरू ११ नोव्हेंबरला सहा-सात महिन्यांचं होतं, आणि तेच दूध तोडायचं योग्य वय. कुरणातलं गवतही तेव्हाच संपतं. म्हणजे आईपासून तोडणं, थंडीत गोठ्याचा आसरा आणि मोजदाद, तिन्ही कामं एका तारखेत बसवली आहेत. नर एकाच जागी ठेवू नये यातही शहाणपण आहे. तो बांधून राहिला की आडदांड होतो, आणि एकाच कळपात वर्षानुवर्षं राहिला तर आपल्याच मुलींवर जातो.

याच हुकूमनाम्यात सैन्याबरोबर जाणाऱ्या गाड्यांची मापं आहेत. कातड्याचं आच्छादन असं शिवलेलं हवं की नदी पोहून ओलांडताना पाणी आत येऊ नये. प्रत्येक गाडीत बारा मोडियस (धान्य मोजायचं तेव्हाचं माप) पीठ. शिवाय ढाल, भाला, बाणांचा भाता आणि धनुष्य.

इतकी तयारी असूनही ७९१ मध्ये काय झालं ते पाहा. शार्लमेन अवारांवर चालून गेला. मोठं सैन्य, डॅन्यूबच्या दोन्ही काठांनी कूच. राजाबरोबरच्या तुकडीत घोड्यांची साथ पसरली, आणि हजारो घोड्यांपैकी जेमतेम दहावा हिस्सा वाचला असं फ्रँकांच्या राजबखरीत लिहिलं आहे. लांबच्या मुलखांतली जनावरं एकत्र, एकच पाणवठा, थकवा, शरद ऋतूत उतरत चाललेलं गवत. रोग कोणताही असो, या चार गोष्टी जमल्या की तो वणव्यासारखा पसरतो. यात्रेच्या बाजारात आजही मला याच चार गोष्टींची धास्ती असते.

घोडे सांभाळणारी माणसं यामुळेच वर चढली. अलामानी या जर्मनिक लोकांच्या कायद्यात बारा घोड्यांवर देखरेख करणाऱ्या मोतद्दाराला कोणी मारलं तर ४० सॉलिडसची भरपाई आहे. आल्फ्रेडच्या काळात, ८९६ च्या सुमारास, माणसांत आणि गुरांत साथ आली. बखरकारानं दगावलेल्या मोठ्या माणसांची नावं दिली, त्यात बिशपांच्या बरोबरीनं राजाच्या पागेचा अधिकारी एक्वुल्फ याचंही नाव आहे.

आता माझ्या सर्वांत आवडीच्या भागाकडे येतो. वेल्सचा कायदा, जो दहाव्या शतकातल्या हिवेलच्या नावानं ओळखला जातो. त्याची हाती असलेली हस्तलिखितं तेराव्या शतकापासूनची आहेत, म्हणून प्रत्येक ओळ दहाव्या शतकातली असं धरायचं नाही. पण घोड्याबद्दलचं ज्ञान जुनं आणि मुरलेलं आहे. त्यात गाडी आणि दंताळं ओढणाऱ्या कामाच्या घोड्याची किंमत ६० पेनी आहे, बसायच्या चांगल्या घोड्याची १२०.

त्यात उसन्या घोड्याचा नियम आहे. दुसऱ्याचा घोडा नेला आणि पाठीवरचे केस घासून गेले तर ४ पेनी. कातडी फाटून मांस दिसलं तर ८. कातडी आणि मांस जाऊन हाड दिसलं तर १६. जखमेच्या तीन पायऱ्या, आणि दर पायरीला दंड दुप्पट. ओझ्याच्या जनावरांत मी सर्वांत जास्त वेळ ज्या दुखण्यावर घालवला ते हेच. खोगिराखालची गादी चेपते, ओझं एका बाजूला झुकतं, घामात धूळ मिसळते. पहिल्या दिवशी फक्त केस जातात. तिथेच थांबून दोन-चार दिवस विश्रांती दिली तर काही बिघडत नाही. मालक थांबत नाही, कारण रोजची कमाई बुडते. मग कातडी जाते, पू होतो, आणि मानेच्या मुळाशी हाडापर्यंत पोचलेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. ज्यानं हा कायदा रचला त्यानं असल्या पाठी पाहिल्या होत्या, आणि बरं व्हायला लागणारा काळ पायरीगणिक कसा वाढतो हे त्याला ठाऊक होतं. असा दंड आजच्या वाहतुकीच्या परवान्यांत असावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

विक्रीची हमीही त्याच कायद्यात आहे. घोडा विकणाऱ्यानं झोकांड्या खाण्याच्या रोगासाठी तीन रात्री, श्वासाच्या व गळ्याच्या रोगासाठी तीन महिने, आणि अभ्यासक ज्याला फार्सी मानतात त्या रोगासाठी एक वर्ष जबाबदार राहायचं. मुदती बघा. झोकांड्या लपत नाहीत, तीन रात्री पुरतात. गळ्याचा रोग आठवड्यांनी डोकं वर काढतो. फार्सी म्हणजे ग्लँडर्सचंच कातडीवरचं रूप. जंतू कित्येक महिने शरीरात दबून राहतात आणि मग पायावर गाठींची माळ उठते. ग्लँडर्स भारतात अजून आहे. तो माणसालाही होतो, आणि रक्ततपासणीत निदान झालं की कायद्यानं घोडा मारावा लागतो. सूक्ष्मदर्शक नसताना, जंतूची कल्पनाही नसताना, केवळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाहण्यातून वेल्सच्या लोकांनी रोगाच्या सुप्त काळाचा अंदाज बांधला होता. बाहेरून दिसणारं व्यंग मात्र घेणाऱ्यानं पाहून घ्यायचं, ती जबाबदारी विकणाऱ्याची नाही.

नालांचं थोडक्यात. खिळ्यांनी ठोकलेली लोखंडी नाल युरोपात नवव्या-दहाव्या शतकापासून ठळकपणे दिसू लागते. बायझंटाइन सम्राट सहावा लिओ याच्या सन ९०० च्या सुमाराच्या युद्धविषयक ग्रंथात चंद्रकोरीच्या आकाराच्या लोखंडांचा खिळ्यांसकट उल्लेख आहे. त्याआधीचे बहुतेक घोडे अनवाणीच चालत. मऊ गवताळ जमिनीवर लहान तट्टाला ते जमतं. ओल्या हवेत खूर मऊ पडतो आणि दगडी वाटेवर रोज ओझं नेलं की वाढण्यापेक्षा झिजतो जास्त. तिथे नाल नसेल तर जनावराला अधूनमधून थांबवावं लागतं. लोखंड महाग होतं, म्हणून नाल आधी श्रीमंतांच्या घोड्यांना मिळाली, गावच्या तट्टाला नंतर.

मेलेल्या घोड्याचंही काम संपत नसे. कातडं कमावलं जाई, शेपटीच्या केसांचे दोर आणि चाळण्या होत. पायाची लांब सरळ हाडं घासून गोठलेल्या पाण्यावर घसरायचे जोडे करत. यॉर्क आणि स्वीडनमधल्या बिर्का इथे असे जोडे जमिनीतून बरेच निघाले आहेत.

आता शेवटचा उपप्रश्न, हे कधी बदललं? सन १००० नंतर, हळूहळू. १०८६ च्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे राजानं करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या मोजदादीत, इंग्लंडमधला नांगर अजून आठ बैलांचाच धरला आहे, आणि पूर्वेकडच्या परगण्यांत जिथे जनावरं मोजली तिथेही मेंढ्यांच्या हजारोंपुढे घोडे तुरळक आहेत. पुढच्या शतकात तीन भागांत जमीन फिरवून पेरण्याची पद्धत पसरली, उन्हाळी पीक म्हणून ओट वाढला, जोखड आणि नाल गावच्या लोहाराकडे मिळू लागली, आणि दूरच्या बाजाराला माल लवकर नेण्यात पैसा दिसू लागला. मग काही ठिकाणी बैलांच्या पुढे एक-दोन घोडे जोडून मिश्र नांगर चालू लागले. हलक्या जमिनीच्या भागात लहान शेतकऱ्यानं पूर्ण घोड्यांचा नांगर धरला, कारण त्याला एकाच जनावराकडून नांगर, दंताळं, गाडी आणि बाजार अशी सगळी कामं करून घ्यायची होती. जड चिकणमातीच्या मुलखात बैल त्यानंतरही कित्येक शतकं टिकले.

तुम्ही या काळावर कथा किंवा नाटक लिहीत असाल तर एवढं करा. शेतकऱ्याच्या हाती बैल द्या, आणि गावात घोडा असेलच तर तो लहान, केसाळ, बहुधा बिननालेचा दाखवा, मिठाच्या पोत्यांखाली किंवा निरोप्याच्या मांडीखाली. त्याच्या पाठीवर, खोगीर बसतं तिथे, पांढऱ्या केसांचे ठिपके असू द्या. जुनी जखम भरल्यावर तिथे केस पांढरे उगवतात, आणि कामाच्या घोड्याची ती खूण मी अजून ज्या त्या तळावर पाहतो.